२१ इंची चाकं आणि ‘ऑफ-रोड’ म्हणून गळ्यात मारलेले टायर

आलिशान एसयूव्हीची कंपनीतून आलेली २१ किंवा २२ इंची चाकं तशीच ठेवायची आणि त्यांवर ऑफ-रोड टायर चढवायचे, एवढीच मागणी घेऊन माणूस दुकानात जातो. फसवायला यापेक्षा सोपं गिऱ्हाईक नाही. ऑफ-रोड टायरचा बाजार मुख्यतः पिकअप आणि साध्या फोर-बाय-फोर गाड्यांवर चालतो. त्यांची चाकं १६, १७, १८ आणि २० इंची. २१ इंच त्यांत क्वचितच येतं. २२ इंचात माल दिसतो, पण तो बहुतेक २८५/५५ आर२२ (रुंदी २८५ मिलिमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या ५५ टक्के, रिम २२ इंची) अशा पिकअपच्या मापात, म्हणजे ८७२ मिलिमीटर व्यासाचा. एसयूव्हीवरचा २७५/४५ आर२२ भरतो ८०६. तो मोठा टायर तिथे बसणारच नाही. थोडक्यात, माल नाही, गिऱ्हाईक हटून बसलंय आणि गाडी महागडी. अशा वेळी ‘मागवून देतो साहेब’ हे उत्तर तयारच असतं.

ही हकीकत अशाच एका गाडीची. मूळ माप २७५/४५ आर२१, लोड इंडेक्स (एक टायर किती वजन पेलतो त्याचा सांकेतिक अंक) ११०, हवेच्या जोरावर गाडीची उंची कमी-जास्त करणारं एअर सस्पेन्शन, चारही चाकं एकाच मापाची. मालकाने ऑल-टेरेन (ए/टी), म्हणजे रस्ता आणि कच्ची वाट दोन्हींवर चालणारे टायर सांगितले, सगळी रक्कम आगाऊ भरली, गाडी सकाळी सोडली आणि संध्याकाळी नेली. बिलावर मजकूर एवढाच : ‘ए/टी टायर ४ नग, फिटिंग, बॅलन्सिंग, सेन्सर सर्व्हिस’. माप नाही, लोड इंडेक्स नाही, उत्पादनाचं साल नाही. पुढे टायर दुसरीकडे तपासायला उतरवले, तेव्हा एकेक प्रकरण बाहेर पडलं.

पहिलं प्रकरण मापाचं. चढवलेले टायर होते २७५/५० आर२१. ‘एक नंबर वरचा घातलाय, गाडी भारदस्त दिसते’ असं तोंडी सांगितलं होतं म्हणे. हिशोब करून बघा. २७५ चे ४५ टक्के म्हणजे टायरची भिंत १२४ मिलिमीटर, आणि ५० टक्के म्हणजे साडेसदतीस अधिक शंभर, १३७.५. रिमचे ५३३ मिलिमीटर मिळवले की व्यास ७८१ वरून ८०८ वर जातो, सुमारे साडेतीन टक्के जास्त. तीन टक्क्यांच्या आत राहावं असा सर्वसाधारण दंडक आहे, तो इथेच मोडला. काटा शंभर दाखवतो तेव्हा गाडी आधीपेक्षा साडेतीन किलोमीटर जास्त वेगाने चाललेली असते. जमिनीपासूनची उंची मात्र फक्त १४ मिलिमीटरने वाढते, कारण वाढलेल्या व्यासातला अर्धाच भाग ॲक्सलच्या खाली येतो. एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल चाकांचे वेग एकमेकांशी ताडून बघतात. चारही टायर सारखेच मोठे, म्हणून डॅशबोर्डवर एकही दिवा लागला नाही. असली लबाडी त्याच दिवशी पकडली न जाण्याचं कारण हेच.

आता हा ८०८ चा टायर मडगार्डच्या आतल्या प्लॅस्टिकला घासायला हवा होता. तो घासत नव्हता, आणि संशय तिथून आला. एअर सस्पेन्शनच्या प्रत्येक कोपऱ्यात उंची मोजणारा सेन्सर असतो, तो एका बारक्या लिंक रॉडने सस्पेन्शनच्या आर्मला जोडलेला असतो. या रॉडची लांबी बदलली की संगणकाला वाटतं गाडी खाली बसली आहे, आणि तो हवा भरून तिला वर उचलतो. दुकानाने चारही रॉड बदलले होते. बिलावर त्याचा उल्लेख नाही, मालकाला पत्ता नाही, आणि पडद्यावर ‘नॉर्मल’ असंच दिसतंय. अशी कायम उचललेली गाडी चालवली की ॲक्सल शाफ्टचे जॉइंट रोज तिरक्या कोनात फिरतात, कॅम्बर आणि टो हे चाकांचे कोन बिघडतात, टायर एका कडेने खाल्ला जातो. वेग वाढल्यावर गाडी आपोआप खाली बसते तो हिशोबही चुकतो. ऑफ-रोडवाले जाणून-बुजून असे रॉड लावतात, त्यात गैर काही नाही. न सांगता लावणं ही फसवणूक.

हे पकडायला मोजपट्टी पुरते. सपाट जागेवर, गाडी नॉर्मल उंचीवर ठेवून, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही कोपऱ्यांवर मोजा आणि लिहून ठेवा. जमिनीपासून मोजू नका, कारण टायर बदलला की ते अंतर बदलणारच. मध्यापासूनचं अंतर टायर कुठलाही घातला तरी बदलत नाही. बदललं तर कुणीतरी सस्पेन्शनला हात लावलेला आहे. टायर घासतो का, हे बघायची रीत वेगळी. दुकानदार गाडी नॉर्मल उंचीवर ठेवून स्टीअरिंग फिरवून दाखवतो. तुम्ही गाडी सगळ्यात खालच्या उंचीवर आणायला लावा आणि हळूहळू पुढे-मागे घेत स्टीअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा.

दुसरं प्रकरण अक्षरांचं. साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या भिंतीवर, पांढऱ्या ठळक अक्षरांत ए/टी कोरलेलं होतं. या अक्षरांना कुठलंही प्रमाणपत्र लागत नाही, ती कंपनी स्वतःच्या मर्जीने छापते. एम प्लस एस (चिखल आणि बर्फ) हे चिन्हही चाचणीशिवाय, कंपनीच्याच शब्दावर लावलं जातं. डोंगराच्या आकृतीत बर्फाचा कण असलेलं चिन्ह मात्र चाचणीनंतर मिळतं, पण ती चाचणी बर्फावरच्या पकडीची. दगडधोंड्यांत टायर टिकेल का, याबद्दल ते काही सांगत नाही. हे टायर मुळात रस्त्याचे होते, नक्षीची खोली ८ मिलिमीटर. बऱ्यापैकी ऑल-टेरेनची खोली १० ते १२ असते, चिखलाच्या टायरची त्याहून जास्त. खांद्यावरच्या खाचा तर निव्वळ शोभेच्या. बोट घालून बघितलं तर त्या मधल्या नक्षीला जाऊन मिळतच नव्हत्या, बाहेरून कोरीव काम केल्यासारख्या होत्या. खऱ्या ऑल-टेरेनमध्ये मधली खाच खांद्यातून थेट बाहेर निघते, म्हणून चिखल तिथून फेकला जातो.

‘दहा प्लायचा आहे’ असंही सांगितलं होतं. दहा प्लाय हे आता फक्त ताकदीचं रेटिंग आहे, दहा थर कुठल्याच अशा टायरमध्ये नसतात. खरे थर बहुतेक टायरांवर साइडवॉलच्या बारीक अक्षरांत लिहिलेले असतात. या टायरांवर होतं : ट्रेडला पॉलिएस्टर १, पोलाद २, नायलॉन १ आणि साइडवॉलला पॉलिएस्टर १. म्हणजे धारदार दगड आणि हवा यांच्यामध्ये एकच थर. ऑफ-रोडला टायर फाटतो तो बहुतेक भिंतीतच.

याच्या उलटी फसवणूकही चालते, तिच्याकडे फार कुणाचं लक्ष जात नाही. मापाच्या आधी एलटी लिहिलेला, ट्रकच्या जातीचा टायर दिला जातो. त्यावर लोड इंडेक्स १२१, म्हणजे १४५० किलो, असा दणदणीत आकडा असतो. पण लोड रेंज (ताकदीची श्रेणी) ई असेल तर ते वजन पेलायला ८० पीएसआय हवा लागते. दुकानात मात्र गाडीच्या दारावरच्या पट्टीवर वाचून ३५ पीएसआय भरतात. ती पट्टी मूळच्या टायरसाठी आहे. ३५ ला एलटी टायरची क्षमता छापील आकड्याच्या साठ टक्क्यांपर्यंतही पोचत नाही. टायर तापतो आणि महामार्गावर थर सुटतात.

साध्या टायरमध्ये लोड इंडेक्स दोनतीन अंकांनी कमी करून खपवणं तर नेहमीचंच. ११० म्हणजे १०६० किलो, १०७ म्हणजे ९७५. एका चाकामागे ८५ किलो गेले, चारांत ३४०, आणि गाडी रिकामीच अडीच टनांच्या घरात. वेगाच्या अक्षरात थोडी तडजोड चालू शकते. मूळ टायर डब्ल्यू म्हणजे ताशी २७० किलोमीटरचा असेल आणि ऑल-टेरेन टी म्हणजे १९० चा मिळाला, तर ते या जातीच्या टायरांत स्वाभाविक आहे, फक्त स्थानिक नियम आणि विमा बघून घ्या. लोड इंडेक्स मात्र मूळच्यापेक्षा खाली कधीही घेऊ नका.

तारखेचा खेळ जुनाच. डीओटी अक्षरांच्या शेवटचे चार अंक आठवडा आणि वर्ष सांगतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. तारखेसकट पूर्ण कोड बऱ्याचदा टायरच्या एकाच बाजूला असतो. चारपैकी दोन टायरांची ती बाजू आत घातलेली होती, आणि ते दोन बाकीच्यांपेक्षा चार वर्षांनी जुने निघाले. त्यातल्या एकाच्या आत पंक्चरचा ठिगळही होता, बाहेरून काळं पॉलिश मारलेलं. टायर रिमवर चढला की आतलं काहीच दिसत नाही, म्हणून चढवण्याआधी बॅटरीच्या उजेडात आतून बघा आणि रिमवर बसणाऱ्या कडेचा घेर बघा. एकदा चढवून उतरवलेल्या टायरच्या कडेवर ओरखडे आणि साबणाच्या वाळलेल्या रेषा राहतात. रबराचे केस आहेत म्हणजे नवा, यावर विसंबू नका. काही साच्यांतून ते येतच नाहीत.

‘सेन्सर सर्व्हिस’ म्हणजे काय, तर दोन चाकांतले मूळ हवा-सेन्सर काढून त्यांच्याच क्रमांकाची नक्कल केलेले स्वस्त सेन्सर बसवले होते. क्रमांक तोच, त्यामुळे गाडी गप्प. नुसतं स्कॅन करून हे कळत नाही. टायर उतरल्यावर सेन्सरवरचं नाव आणि पार्ट नंबर यांचा फोटो काढा, पुन्हा बसवताना ताडा.

मागची चाकं जास्त रुंद, उदाहरणार्थ पुढे २७५ आणि मागे ३१५, अशी गाडी असेल तर मूळ चाकांवर ऑल-टेरेनचा नाद सोडलेला बरा. पुढच्या-मागच्या घेरात फरक पडला की पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसचा क्लच सतत भांडत राहतो आणि जळतो.

खरा उपाय लहान चाकांचा. लँड रोव्हर डिफेंडरचंच बघा. कंपनी २५५/७० आर१८ देते आणि २७५/४५ आर२२ सुद्धा. व्यास अनुक्रमे ८१४ आणि ८०६, जवळपास एकच, पण भिंत एकीकडे १७८ मिलिमीटर आणि दुसरीकडे १२४. वाळूत किंवा खडकांवर हवा कमी करायची ती या भिंतीच्या जोरावर. १२४ च्या भिंतीवर १८ पीएसआय ठेवून दगडावर आपटलात तर रिमची कड वाकते आणि टायर चिमटून कापला जातो. लहान रिम घेताना ती ब्रेकच्या कॅलिपरला लागत नाही ना, हे प्रत्यक्ष लावून, हाताने फिरवून बघा. बोल्टांचं वर्तुळ, ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं ते) आणि मधलं भोक जुळायला हवं. रिमच्या मागे कमाल वजनाचा आकडा ओतलेला नसेल तर ती घेऊ नका. नटबोल्टांची बैठक शंकूसारखी की गोल, हे रिमप्रमाणे बदलतं. चुकीची बैठक घट्ट आवळलेली वाटते आणि पुढे सैल होते. आणि ‘जुनी चाकं एक्स्चेंजमध्ये’ या बोलण्याला भुलू नका, मूळ चाकांची किंमत दुकानदाराला तुमच्यापेक्षा चांगली माहीत असते.

बिलावर प्रत्येक टायरचं पूर्ण माप, लोड इंडेक्स, वेगाचं अक्षर, मॉडेलचं नाव आणि चार अंकी तारीख लिहून घ्या. आगाऊ रक्कम द्यायचीच तर त्याच मजकुराच्या पावतीवर द्या, उरलेली रक्कम टायर डोळ्यांसमोर ताडल्यावर.

फसवणूक उशिरा लक्षात आली, तर टायर त्याच दुकानात उतरवू देऊ नका. गाडीवर असतानाच चारही साइडवॉलचे, आतल्या बाजूचे आणि लिंक रॉडचे फोटो घ्या, त्रयस्थ ठिकाणी मोजमाप लिहून घ्या, मग लेखी तक्रार करा. रॉड बदललेले असतील तर मूळ रॉड आणि मूळ मापाचे टायर परत घालून आधी डायग्नोस्टिक यंत्रावर उंचीचं कॅलिब्रेशन करा, त्यानंतरच अलाइनमेंट. उलट क्रमाने केलं तर उंची बदलल्यावर अलाइनमेंट पुन्हा करावं लागतं. चाकांचे नट टॉर्क रेंचने आवळा आणि ५० ते १०० किलोमीटर चालवल्यावर परत तपासा.