मेपलचा दिवस: एलमायराची जत्रा की जवळची शुगरबुश?

मार्च लागला की कॅनडात टोरांटोजवळच्या मिसिसॉगा-ब्रॅम्प्टनकडच्या मित्रांचे फोन सुरू होतात. यंदा मेपल सिरपला, म्हणजे मेपलच्या झाडाचा रस आटवून केलेल्या पाकाला, कुठे जावं? एलमायरा गावच्या जत्रेला, की जवळच्या शुगरबुशला, म्हणजे सिरप करतात त्या मेपलच्या रानात? दोन्ही करून बसलेला माणूस म्हणून मला विचारतात. मी आधी दोन्हीकडचं चांगलंच सांगतो. ऐकणाऱ्याला माझा कल कुठे आहे ते पाच मिनिटांत कळतं, तो भाग वेगळा.

शुगरबुशचं मोठं सुख म्हणजे झाडं तिथेच असतात. चाळीस लिटर रस आटवला की लिटरभर सिरप होतं, हे सगळ्यांना पाठ असतं. पण ते कळतं आटवणीच्या खोपटात वाफेत उभं राहिल्यावर. आपला उसाचा रस मुळातच गोड. मेपलचा रस चाखला तर पाणीच वाटतं, साखर जेमतेम दोन टक्के. खाली लाकडं धगधगतायत, वर पसरट भांड्यात रस खदखदतोय. मामांच्या गुऱ्हाळातलं चुलाण आणि काहील आठवल्याशिवाय राहत नाही. लहान मुलं असतील तर माउंट्सबर्ग किंवा ब्रॉन्टी क्रीकसारखी सरकारी उद्यानं सोयीची. माउंट्सबर्गला शिकारी पक्षीही बघायला मिळतात, आणि पाच वर्षांच्या पोराला घुबडापुढे सिरपचं काय कौतुक!

माझा अनुभव मात्र यांपैकी कुठला नाही, एका खासगी शेतावरचा आहे. नाव सांगत नाही, माणसं भली होती. दोन आठवडे आधी तिकिटं काढली, वेळ साडेदहाची. रात्री शून्याखाली आणि दिवसा शून्यावर, असं हवामान असेल तरच रस झरतो, आणि त्या दिवशी दुपारपर्यंत पारा वर यायला तयार नव्हता. बादल्या कोरड्या. त्याचं मला काही वाटलं नाही, निसर्ग काही तिकीट बघून चालत नाही. खटकलं ते पुढचं. पॅनकेक आले तीन आणि सोबत झाकणाएवढी प्लास्टिकची वाटी, तळाशी दोन चमचे सिरप. मुलीने ते पहिल्याच पॅनकेकवर उपडं केलं. आणखी मागितलं तर दुसऱ्या वाटीचे पैसे वेगळे.

रक्कम दीड डॉलर, म्हणजे चहासुद्धा येत नाही. पण मेपलच्या रानात, मेपलच्या खोपटाशेजारी बसून सिरप मोजून घ्यायचं? कराडजवळ मामांच्या गावी गुऱ्हाळावर काकवी मोजून देणारा माणूस मी पाहिला नाही. तांब्या न्यायला विसरलात तर कुणाची तरी रिकामी बाटली विसळून भरून देतील. शेतकऱ्याचंही खरंच आहे म्हणा. पहाटेपासून लाकडं सारणाऱ्याला एका लिटरची किंमत माझ्यापेक्षा जास्त माहीत. हिशेब पटतो, घास मात्र तिथेच अडकला. बायको म्हणते, एवढ्याशा वाटीवरून एवढं काय. असेलही तिचं बरोबर.

पुढच्या वर्षी एलमायराला गेलो. वॉटर्लूच्या उत्तरेचं हे लहानसं गाव, १९६५ पासून हा उत्सव भरवतंय. २००० साली एका दिवसात ६६,५२९ माणसं आली आणि गिनीजमध्ये नोंद झाली. म्हणजे काय ते समजून घ्या: ही जत्रा आहे. मार्चअखेरचा किंवा एप्रिलच्या सुरुवातीचा एकच शनिवार, मुख्य रस्ता गाड्यांना बंद, दुतर्फा दुकानं, पॅनकेक उलटण्याची स्पर्धा. बाबागाडी घेऊन जाणाऱ्यांनी दोनदा विचार करावा. झाडं बघायची तर गावाबाहेर बसने न्यावं लागतं, तिकीट वेगळं आणि रांगही वेगळी. पाऊस आला तर आडोसा शोधत फिरा. शिवाय तो शनिवार कधीकधी पाडव्याच्या कार्यक्रमावरच येतो, मग घरात जे होतं ते होतं.

एवढं असूनही मी तिथे रमलो. आजूबाजूचा मुलूख मेनोनाइट लोकांचा, म्हणजे जुन्या साध्या वळणाने राहणाऱ्या ख्रिस्ती पंथाचा. काळ्या घोडागाड्या रस्त्याने जाताना दिसतात (त्यांचे फोटो काढू नका, त्यांना आवडत नाही). हाताने शिवलेल्या गोधड्या बघून आई व्हिडिओ कॉलवर म्हणाली, टाके आपल्यासारखेच, कापड तेवढं नवं. आणि सफरचंदाच्या चकत्या पिठात बुडवून तळलेल्या, वर दालचिनी-साखर. आमच्या घरी त्यांना भजीच म्हणतात.

पॅनकेकची ताटली घेतली तेव्हा वाढणाऱ्या आजोबांनी हातातल्या भांड्यातून सिरप ओतलं आणि माझ्याकडे बघून आणखी ओतलं. मला तेवढं पुरलं. कदाचित मी चांगल्या वेळी पोचलो असेन. साडेअकरानंतर गेलेल्या एका मित्राचं म्हणणं वेगळं आहे, पण तो रांगेलाच कंटाळला होता.

तेव्हा सिरप कसं होतं हे मुलांना दाखवायचं असेल तर शुगरबुश, त्यात वाद नाही. एलमायराला जायचं ठरलं तर साडेसात-आठपर्यंत पोचा. शाकाहारी असाल तर पॅनकेकसोबत सॉसेज नको हे आधीच सांगा. भजीची रांग सगळ्यांत आधी धरा. बाटली निघताना घ्या, दिवसभर कोण वागवणार. आणि घ्याल ती गडद घ्या. फिकट सोनेरी सिरप दिसायला छान, पण ते हंगामाच्या सुरुवातीचं, चवीला हलकं. गरम पोळीवर तूप आणि वर गडद सिरप, आमच्याकडे महिनाभरात बाटली संपते.