प्रायव्हेट जेल सर्व्हिस : ५ पैकी दीड स्टार

प्रायव्हेट जेल म्हणजे सरकारने पैसे देऊन खाजगी कंपनीकडून चालवून घेतलेलं जेल. ही सर्व्हिस विकत घेतं सरकार, पैसे जातात टॅक्स भरणाऱ्यांचे आणि भोगावी लागते कैद्याला, ज्याला ना कंपनी निवडता येते ना पटलं नाही म्हणून उठून जाता येतं. म्हणून मी कैद्याच्या बाजूनेच बघून लिहितोय.

कंपन्यांचा मेन दावा काय तर आम्ही स्वस्तात चालवतो. पण जेलमध्ये सगळ्यात मोठा खर्च स्टाफच्या पगाराचा, मग कात्री तिथेच लागणार ना. अमेरिकेत आयडाहो राज्यात सीसीए या कंपनीकडे (आता नाव बदलून कोअरसिव्हिक) एक मोठं जेल होतं, तिथे मारामाऱ्या एवढ्या की कैदी त्याला ग्लॅडिएटर स्कूल म्हणायचे. २०१३ ला कंपनीनेच कबूल केलं की जवळपास ४,८०० तासांच्या ड्युट्या खोट्या दाखवल्या होत्या, म्हणजे रजिस्टरवर गार्ड हजर आणि प्रत्यक्षात जागा रिकामी! आत कोणाला मार पडत असेल आणि त्याने हाक मारली तर येणार कोण? २०१४ ला राज्याने जेल परत स्वतःकडे घेतलं.

इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमचं जेल २०११ ला जी४एस या कंपनीला चालवायला दिलं, २०१६ ला मोठी दंगल झाली, २०१८ ला इन्स्पेक्टर गेले तर फरशीवर रक्त, उलटी तशीच पडलेली, झुरळं फिरतायत, ड्रग्ज उघड चालू आणि काही स्टाफ ऑफिसला आतून कडी लावून बसलेला. शेवटी सरकारलाच ताबा घ्यावा लागला. सरकारी जेलही काही धड नसतात हे मान्य, पण तिथे माणसं कमी ठेवून कोणाचा नफा तरी वाढत नाही.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते पेमेंटचं गणित. बऱ्याच ठिकाणी पैसे दर कैद्यामागे दर दिवसाचे, म्हणजे बेड भरलेला तर कमाई. २०१२ ला याच सीसीएने अमेरिकेतल्या ४८ राज्यांना पत्र पाठवलं की तुमची जेल आम्हाला विका, २० वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट करा आणि ९० टक्के बेड भरलेले राहतील याची हमी द्या. अरे, गुन्हे कमी झाले तर आनंद व्हायला पाहिजे की टेन्शन यायला पाहिजे?

दीड स्टार दिला तो न्यूझीलंडमुळे, ऑकलंडजवळच्या एका जेलच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये सुटलेले लोक परत कमी आले तर कंपनीला बोनस आहे, ही आयडिया खरंच चांगली. पण तीच कंपनी, सर्को, ऑकलंडमधलंच माउंट इडनचं जेल चालवत असताना २०१५ ला तिथल्या कैद्यांच्या फाइट क्लबचे व्हिडिओ बाहेर आले आणि ते जेल तिच्या हातून गेलं.

इस्राएलच्या सुप्रीम कोर्टाने २००९ ला प्रायव्हेट जेलचा कायदाच रद्द केला, माणसाला कोंडून ठेवायची पॉवर नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीला देता येणार नाही म्हणून, आणि मला ते शंभर टक्के पटतं. लाँड्री द्या, बिल्डिंगचं मेंटेनन्स द्या, पण कोठडीची किल्ली आणि शिक्षा करायचा अधिकार अजिबात देऊ नका. जिथे आधीच दिलंय तिथे निदान रोजची गार्डची हजेरी सरकारच्या माणसाने स्वतः जाऊन मोजावी आणि भरलेल्या बेडची हमी तर कॉन्ट्रॅक्टमधून आधी काढून टाकावी.