विशेष शाळा की घराजवळची साधी शाळा: सीपी असलेल्या मुलासाठी आम्ही काय बघितलं, काय निवडलं

सेरेब्रल पाल्सी (सीपी, म्हणजे मेंदूला इजा झाल्यामुळं हालचालींवर नीट ताबा नसणं) असलेलं मूल पाच-सहा वर्षांचं झालं की घरात एकच विषय चालू होतो, विशेष शाळेत घालायचं का जवळच्या साध्या शाळेत. आम्ही दोन्ही बघितलंय. मुलगी आधी विशेष शाळेत होती आणि तिसरीपासून घराजवळच्या अनुदानित मराठी शाळेत आहे. तिला स्पास्टिक डायप्लेजिया आहे, म्हणजे पाय कडक, हात बऱ्यापैकी चालतात, बोलणं सावकाश पण कळतं, आणि समज वयाप्रमाणे. हे आधीच सांगतो कारण पुढचं सगळं या हिशोबानंच वाचायचं आहे. ज्या मुलाला वारंवार फिट्स येतात, किंवा ज्याला पायांबरोबर शिकण्याचीही मोठी अडचण आहे, त्याच्या घरचं गणित वेगळं असणार आणि त्यांना माझं म्हणणं जसंच्या तसं लागू होणार नाही.

यूडीआयडी (दिव्यांग ओळखपत्र), निरामय (आरोग्य विमा) वगैरे कागद तुम्ही काढलेच असतील, त्यात शिरत नाही.

विशेष शाळेचं आधी चांगलं सांगतो, कारण ते भरपूर आहे. वर्गात मोजकी मुलं, बाई विशेष शिक्षणाचं ट्रेनिंग घेतलेल्या, आणि तिथल्या मावशींनासुद्धा पोराला उचलताना नुसतं काखेत धरून ओढायचं नसतं हे शिकवावं लागत नाही. फिजिओ, ओटी (हातांची आणि रोजच्या कामांची थेरपी), स्पीच सगळं एकाच इमारतीत, त्यामुळे नोकरी सांभाळून दवाखान्याच्या चकरा माराव्या लागत नाहीत, हा केवढा मोठा आराम आहे ते ज्याचं त्यालाच कळतं. एएफओ (घोट्याला आधार देणारा पट्टा) घासून घोटा लाल झाला तर ती घरी पोचायच्या आधी मॅडमचा फोन यायचा. आणि बाकीचे पालक! कडक स्नायू सैल करायचं बोटॉक्सचं इंजेक्शन कुठल्या वयात द्यायचं, कुणाच्या पोराचं ऑपरेशन झालं आणि पुढं काय झालं, अॅलिम्कोचं (दिव्यांगांची साधनं बनवणारी सरकारी कंपनी) मोजमाप शिबीर कधी आहे, हे सगळं मला गेटबाहेर व्हॅनची वाट बघताना कळलं. सुरुवातीची वर्षं ती शाळा मिळाली नसती तर आमची पोरगी वॉकर धरून चालायला लागली नसती असं मला मनापासून वाटतं.

मग तिथून काढलं का? गणितामुळं.

थेरपीची खोली एक, थेरपिस्ट दोन, मुलं भरपूर, म्हणून प्रत्येकाची वेळ ठरलेली. हिची वेळ नेमकी गणिताच्या तासाला. वर्गात हातच्याची बेरीज सुरू झाली की मावशी न्यायला यायच्या, ही परत येईपर्यंत फळा पुसलेला असायचा, मग दुसऱ्या दिवशी बाई हिच्यासाठी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायच्या आणि तोवर दुसऱ्या कुणाची तरी थेरपीची वेळ व्हायची. त्यात एका वर्गात चार तऱ्हेची मुलं, कुणाला अक्षर ओळख नाही, कुणी वाचतोय पण लिहू शकत नाही, आणि शिकवायला बाई एकच. वही उघडली की पानामागून पान तीच दोन अंकी बेरीज, प्रत्येक पानावर 'छान' आणि चांदणी. शेजारचा तिच्याच वयाचा पोरगा सातचा पाढा घडाघडा म्हणत अंगणात यायचा आणि ही बोटं मोजत बसलेली. मी वेळ बदलून मागितली, त्यांनी बदलून दिली पण, तर ती मराठी वाचनाच्या तासावर आली. बाई माणूस म्हणून फार चांगल्या, त्या म्हणायच्या "बाबा, आधी पोरगी चालायला तर लागू दे, गणित कुठं पळून जातंय." मला तेच पटत नव्हतं. गणित पळूनच जातं, कारण हातचा आला नाही तर गुणाकार येत नाही, गुणाकार नाही तर भागाकार नाही, आणि पाय सुधारायची वाट बघत डोकं थांबवून ठेवायचं हे मला फार मोठं नुकसान वाटलं. चालणं महत्त्वाचं आहेच, पण चालता आलं तरी पुढं पोट भरायला तिला डोकंच वापरायचंय ना.

पुढं दहावीचं काय असं विचारलं की उत्तर यायचं, ओपन स्कूलमधनं करू. एनआयओएसचा, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा रस्ता चांगला आहे, विषय निवडता येतात, परीक्षा टप्प्याटप्प्यानं देता येते, माझ्या ओळखीत त्यातून छान पुढं गेलेली मुलं आहेत. पण तो गरज पडली तर घ्यायचा रस्ता आहे, सात वर्षांच्या मुलीचं आत्ताच ठरवून टाकायचं म्हणजे तिला बघायच्या आधीच तिची उंची लिहून ठेवल्यासारखं झालं.

सगळ्याच विशेष शाळांत असं असेल असं नाही. काही ठिकाणी थेरपी शाळा सुटल्यावर किंवा खेळाच्या तासाला ठेवतात, तुमच्या गावात तशी असेल तर तिचा जरूर विचार करा.

आता साधी शाळा. इथं सगळ्यात आधी भेटते ती भीती. "पडली तर जबाबदारी कुणाची", "आमच्याकडे विशेष शिक्षक नाहीत", "बाकीच्या पालकांनी तक्रार केली तर". आम्ही पहिल्यांदा विचारायला गेलो ती शाळा तर वेगळीच, त्यांनी गोड बोलून घरीच शिकवायचा पर्याय सुचवला. याबाबत सावध राहा. शिक्षण हक्क कायद्यात 2012 च्या दुरुस्तीनं तीव्र किंवा बहुविकलांग मुलांना घरी राहून शिकायची सोय दिलीय, पण ती निवड मुलाची आणि पालकांची आहे, मुख्याध्यापकांना दार बंद करायला दिलेली कडी नाही ती. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा तर आणखी स्पष्ट आहे. 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वयापर्यंत मोफत शिक्षण, आणि ते शेजारच्या शाळेत घ्यायचं का विशेष शाळेत, हे मुलानं ठरवायचं. कलम 31 मध्ये हे आहे, आणि कलम 16 मध्ये शाळांनी कुठलाही भेदभाव न करता प्रवेश द्यायचा, इमारत वापरता येईल अशी ठेवायची, गरजेप्रमाणे सोयी करायच्या असं लिहिलंय. मी ही दोन कलमं मराठीत छापून फाईलमध्ये ठेवली होती. भांडायला नाही, नुसती टेबलावर ठेवली तरी बोलण्याचा सूर बदलतो.

दुसरी भेटते ती इमारत. शाळा सांगते रॅम्प आहे, आणि तो असतोही, पण बऱ्याच ठिकाणी इतका उभा की वॉकर मागं येतो. एक फूट चढायला निदान बारा फूट लांबी लागते, तेव्हा 'आहे' यावर विश्वास न ठेवता मुलाला घेऊन स्वतः चढून बघा. वर्ग तळमजल्यावर आणणं सोपं असतं, नुसता लेखी अर्ज लागतो, आमचा अख्खा वर्ग खाली आणला.

टॉयलेटचं मात्र लवकर लक्षात येत नाही. सुरुवातीला हिची पाण्याची बाटली भरलेलीच घरी यायची. विचारलं की म्हणायची तहान नव्हती. शेवटी हिच्या आईनं रात्री जवळ घेऊन विचारलं तेव्हा कळलं, टॉयलेट खाली बसायचं, त्याला उंच पायरी, धरायला काही नाही, म्हणून ही दिवसभर पाणीच प्यायची नाही. उन्हाळ्याच्या तोंडाला हे चाललं होतं. आम्ही मुख्याध्यापिका बाईंशी बोललो, शाळा व्यवस्थापन समितीनं परवानगी दिली, आणि एका रविवारी प्लंबर नेऊन पायरी फोडली, कमोड बसवला, हिला उभं करून कोपराच्या उंचीवर खडूनं खूण केली आणि तिथं भिंतीत स्टीलचा दांडा ठोकला. हे खरं तर आमच्या खिशातनं व्हायला नको होतं, अशा टॉयलेटसाठी आणि रॅम्पसाठी समग्र शिक्षा या सरकारी योजनेत तरतूद असते, पण तिची वाट बघत मूल तहानलेलं ठेवणार का? पुढं त्या दांड्याला धरून दुसरीतला पाय मोडलेला एक मुलगा पण जायचा.

टॉयलेटचा त्रास मोठा होता, पण एका रविवारी सुटला. थेरपीत जाणारा तास आम्ही कितीही फिरवला तरी सुटत नव्हता. माझ्यासाठी फरक इथंच पडला.

शिक्षणाचं म्हणाल तर तिसरीत ती मागंच होती, आणि वर्गात पोरं खूप, बाईंना वेळ कमी. पण चाळीस पोरं एका सुरात पाढे म्हणतात तेव्हा त्यात ही पण म्हणते, घरी येऊन म्हणते, आणि गृहपाठ राहिला तर हिला पण ओरडा बसतो. पहिल्यांदा ओरडा खाऊन आली तेव्हा रडत होती आणि त्याच तावात बसून तिनं सगळी उदाहरणं सोडवली. लिहायला वेळ लागतो म्हणून बाई तिला निम्मं लिहायला आणि निम्मं तोंडी देतात, आम्ही तिरक्या लाकडी पाटावर लिहायची सवय लावली. पुढं बोर्डाला लेखनिक आणि तासाला 20 मिनिटं जादा मिळतात, त्याची काळजी आत्तापासून करायची गरज नाही. गटसाधन केंद्रातून (तालुक्याचं शिक्षण खात्याचं केंद्र) विशेष शिक्षक येतात, पण एकेका माणसाकडं इतक्या शाळा असतात की त्यांच्या भरवशावर बसू नका. 2021 मध्ये सुप्रीम कोर्टात केस होऊन विशेष शिक्षकांचं प्रमाण ठरवायला सरकारला सांगितलं गेलं, मग प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागं एक आणि त्यावर पंधरामागं एक असं ठरलंय. कागदावरनं आपल्या शाळेत ते यावं यासाठी पालकांनीच अर्ज देत राहायला हवं.

पोरांचं सांगतो. पहिले काही दिवस "हिचे पाय असे का" असं तोंडावर विचारायची, मोठ्या माणसांसारखी नजर चुकवायची नाहीत. हिनं पण सांगितलं, मेंदूकडनं पायाला निरोप नीट जात नाही म्हणून. विषय संपला. आता मधल्या सुट्टीत वॉकर कुणी आणायचा यावरनं भांडणं होतात, आणि आमच्या गल्लीतल्याच तीन मुली त्याच वर्गात असल्यामुळं संध्याकाळी आमचा ओटा भरलेला असतो. विशेष शाळेत मैत्रिणी होत्या पण प्रत्येकीचं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला, सुट्टी लागली की संपर्क तुटायचा.

यात गमावलं काय तेही सांगायला हवं. थेरपी. आता फिजिओ संध्याकाळी, पैसे देऊन, आणि तोवर ती दमलेली असते. उंची वाढायला लागली तशी मांडीमागच्या शिरा जास्त आखडल्या, फिजिओ मॅडमनी स्पष्ट सांगितलं की विशेष शाळेत असती तर बहुधा इतकं झालं नसतं. म्हणून रोज रात्री मी स्वतः स्ट्रेचिंग घेतो, टीव्ही लावून, कंटाळा आला तरी. ज्या घरात हे करायला माणूस नाही, दोघंही रात्री उशिरा येतात, त्यांना मी विशेष शाळाच सांगेन, निदान सात-आठ वर्षांपर्यंत.

मोठ्या खाजगी शाळांचं फार बोलत नाही. तिथं बऱ्याचदा शॅडो टीचर (वर्गात मुलाजवळ बसून मदत करणारी बाई) आपल्या खर्चानं आणायला सांगतात आणि ती आली नाही तर त्या दिवशी मूल घरी. एक मात्र लक्षात ठेवा, शिक्षण हक्क कायद्यानं (आरटीई) खाजगी शाळांत राखून ठेवलेल्या 25 टक्के जागांत दिव्यांग मूल वंचित गटात येतं आणि त्याला उत्पन्नाची अट नाही, हे पुष्कळ पालकांना माहीतच नसतं.

मुंबईत मिठू अलूर यांनी 1972 मध्ये स्पास्टिक्स सोसायटी काढली, तेव्हा अशा मुलांना शाळा अशी नव्हतीच, त्यांच्या स्वतःच्या मुलीला सीपी. विशेष शाळा उभ्या करणाऱ्या याच बाई पुढं मुलांना साध्या शाळेत पाठवायच्या कामाला लागल्या, 1999 मध्ये त्यासाठी वेगळं केंद्र काढलं. माझं वजन कुठल्या पारड्यात आहे हे तुम्हाला कळलंच असेल, पण या बाईंचं उदाहरण माझ्यापेक्षा मोठं आहे.

शाळा बघायला जाल तेव्हा ऑफिसात बसून बोलण्याआधी टॉयलेट बघा. विशेष शाळेत थेरपीची वेळ कुठल्या तासावर येते ते विचारा आणि दोन वर्षं तिथं असलेल्या एखाद्या मुलाची गणिताची वही, त्याच्या पालकांना विचारून, चाळून बघा. साध्या शाळेत वर्गशिक्षिकेला भेटा, मुख्याध्यापकांपेक्षा त्यांचं मन जास्त महत्त्वाचं. आणि अर्ज तोंडी नको, लेखी द्या, तळमजल्याचा वर्ग आणि टॉयलेट दोन्ही त्यात लिहा, आणि तारीख-शिक्क्यासकट पोच घेऊन या.