अंगावर पिणाऱ्या बाळासाठी बाटली: आठ महिने वापरल्यानंतरचा अनुभव

माझी मुलगी गेल्या आठवड्यात एक वर्षाची झाली. मार्चपासून आजवर आमच्या घरात तीन तऱ्हेच्या बाटल्या, सात-आठ निप्पल आणि एक चांदीचं बोंडलं (बाळाला दूध पाजायचं चोचीचं छोटं भांडं) एवढं सगळं वापरून झालंय. बाटली घ्यायची वेळ आली तेव्हा मला नीट सांगणारं कुणी भेटलं नाही, आणि दुकानात जे सांगितलं ते बरचसं चुकीचं निघालं. म्हणून सविस्तर लिहितेय. ज्यांचं बाळ पूर्णपणे अंगावर पितंय आणि ज्यांना थोड्या दिवसांत कामावर रुजू व्हायचंय, त्यांच्यासाठी हे आहे.

आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. मी मिरजेत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. रजा २६ आठवड्यांची, पण बीपी वाढल्यामुळे त्यातले चार आठवडे बाळंतपणाआधीच गेले. नोव्हेंबरच्या मध्यात मुलगी झाली, एप्रिलच्या मध्यात मला हजर व्हायचं होतं. म्हणजे ती जेमतेम पाच महिन्यांची. सकाळी साडेनऊला घर सोडायचं, संध्याकाळी साडेपाचला परत. तेवढा वेळ तिला आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, सांभाळणार. सहा महिने वरचं काही द्यायचं नाही हे घरात सगळ्यांनी ठरवलं होतं. मी दूध काढून ठेवायचं आणि आत्यांनी पाजायचं, असं आमचं ठरलं.

पहिली बाटली मी दुकानातून आणली ती सगळ्यात महाग होती. रुंद तोंडाची, काचेची, निप्पलचा खालचा भाग घुमटासारखा मोठा आणि त्यावर एकदम छोटंसं टोक. "ताई, अंगावर पिणाऱ्या बाळाला हीच लागते, अगदी आईसारखी," असं सांगून त्यांनी ती दिली, शिवाय २५० मिलिची. दिसायला खरंच तशी होती. पण माझ्या मुलीने ती तोंडात धरलीच नाही. जिभेने ढकलायची, मान फिरवायची, आणि तिसऱ्या दिवसापासून तर बाटली नुसती दिसली तरी ओठ मिटून रडायला लागायची.

असं का होतं ते मला खूप नंतर कळलं, आणि निवड करताना सगळ्यात उपयोगी पडेल अशी गोष्ट तीच आहे. अंगावर पिताना बाळ नुसतं टोक धरत नाही, भोवतालचा काळसर भागही तोंडभर घेतं. ओठ बाहेर वळलेले असतात. घुमटासारख्या निप्पलचं टोक आखूड आणि त्याच्याखाली एकदम भिंतीसारखा चढ, त्यामुळे बाळाचे ओठ त्या चढावर टेकत नाहीत. बाळ नुसतं टोकच ओढत राहतं, स्ट्रॉने सरबत प्यावं तसं. ओठांच्या कोपऱ्यातून दूध गळतं आणि हवा आत जाते. ज्या निप्पलचा उतार टोकापासून बुंध्यापर्यंत हळूहळू रुंद होत जातो, त्यावर ओठ आपोआप खालपर्यंत सरकतात. म्हणजे दिसायला आईसारखं असलेलं निप्पल तोंडात तसं लागेलच असं नाही. दुकानात निप्पल बाजूने धरून बघा. उतार सरळ आणि सावकाश असेल तर घ्या.

दुसरी गोष्ट धार. अंगावर बाळाला आधी थोडं चोखावं लागतं, मग पान्हा फुटतो, मग दूध जोरात येतं, पुन्हा ओसरतं. बाटलीत पहिल्या घोटापासून दूध तयार. बाळाला त्याची सवय झाली की नंतर अंगावर घेतल्यावर पान्ह्याची वाट बघायला ते तयार होत नाही, चिडतं, आणि आपल्याला वाटतं आपलं दूध आटलं. म्हणून अंगावर पिणाऱ्या बाळाला सगळ्यात मंद धारेचंच निप्पल हवं. पाच महिन्यांचं असो की नऊ, पाकिटावर "३ महिन्यांपुढे" वगैरे लिहिलेलं असतं तिकडे लक्ष देऊ नका. आमच्याकडे शेवटपर्यंत नवजात बाळाचंच निप्पल चाललं.

अडचण अशी की "नवजात" किंवा "१ नंबर" याचं सगळ्या कंपन्यांचं माप सारखं नसतं. मी लॅबची असल्यामुळे घरी एक मोजनळी आणून ठेवली आणि तिन्ही कंपन्यांच्या नवजात निप्पलमधून पाणी सोडून बघितलं. बाटली उलटी धरल्यावर एकीतून दोन-तीन थेंब पडून थांबले, दुसरीतून थेंब-थेंब येत राहिलं, आणि तिसरीतून अक्षरशः बारीक धार लागली. तिन्हींवर लिहिलेलं एकच! मोजनळी नसली तरी चालेल, बाटली उलटी करून बेसिनवर धरा, धार लागत असेल तर ते निप्पल बाजूला ठेवा. त्याच दिवशी बाटल्यांवरच्या रेघाही तपासल्या. एका बाटलीच्या ६०च्या रेघेपर्यंत भरलेलं दूध प्रत्यक्षात ५४ मिलि भरलं. कष्टाने काढलेलं दूध किती आहे ते आपल्याला नीट कळायला हवं, म्हणून ही बाटली मी फक्त पाण्यासाठी ठेवली.

आता बाटलीचा नकार. मार्चमध्ये, ती साडेतीन महिन्यांची असताना मी सुरुवात केली, आणि माझ्या मते तोच उशीर झाला. अंगावर पिणं नीट बसलं, साधारण चार-पाच आठवडे झाले, की आठवड्यातून दोन-तीनदा थोडंसं दूध बाटलीने द्यायला हरकत नाही. मी वाट बघत बसले आणि मग रुजू व्हायची तारीख डोक्यावर आली. रोज संध्याकाळी तेच, ती रडायची, मी रडायची. शेवटी आत्यांनीच मला दटावलं. "तू आधी घराबाहेर जा बघू. तुझा वास लागला की पोरगी दुसरं काय घेतीय होय!" मी खाली पार्किंगमध्ये जाऊन उभी राहायची. आत्यांनी तिला पाळण्यात न झोपवता मांडीवर पाठ टेकवून, तोंड गॅलरीकडे करून बसवलं. रस्त्यावरच्या गाड्या बघता बघता, भूक पुरती पेटायच्या आधी, कोमट पाण्यात बुडवलेलं निप्पल ओठाला नुसतं लावायच्या. ढकललं की लगेच बाजूला. जबरदस्ती अजिबात नाही. नऊ दिवस काहीच झालं नाही. दहाव्या दिवशी वरून हाक आली, "ये वर, ४० घेतलं बघ पोरीनं." मी दोन-दोन पायऱ्या चढत गेले. बाटलीत आतल्या बाजूला सायीचा पातळ पट्टा आणि तिच्या हनुवटीवर वाळलेला एक थेंब, एवढं बघून मला किती बरं वाटलं ते सांगता येणार नाही.

हे घडलं ते तिसऱ्या बाटलीने. दुसऱ्या बाटलीची गोष्ट थोडक्यात सांगते. पोटात वारा धरू नये म्हणून आत नळी असलेली ती बाटली. नळी, झडप, निप्पल, रिंग, टोपण असे पाच भाग. काम नीट करायची, पण त्या नळीचा ब्रश इतका बारीक की आत्यांना चष्मा लावूनही आतलं दिसायचं नाही. एकदा झडपेच्या खाचेत आंबलेलं दूध सापडलं आणि त्याच दिवशी मी ती बंद केली. धुणारं माणूस कोण आहे ते बघून बाटली घ्या, हे मला कळकळीने सांगावंसं वाटतं.

तिसरी बाटली साधी. अरुंद तोंडाची, १२५ मिलिची, सावकाश उताराचं सिलिकॉनचं निप्पल, निप्पलच्या बुंध्याशी हवेचं एक छोटं भोक. किंमत पहिलीच्या निम्म्याहून कमी. हीच मी पुढे आणखी दोन घेतल्या आणि आजपर्यंत वापरल्या. तिचीही एक खोड आहे. रिंग फार घट्ट आवळली की हवा आत जात नाही, निप्पल चपटं होऊन आत ओढलं जातं आणि बाळ चिडतं. आम्हाला वाटायचं निप्पल खराब झालं. रिंग पाव फेरा सैल केली की लगेच ठीक. प्लॅस्टिकच्या बाटल्या रोज उकळून चार-पाच महिन्यांत धुरकट झाल्या आणि ब्रशचे ओरखडे पडले, तेव्हा बदलल्या. काचेची बाटली साफ राहते, वास धरत नाही, पण आमची शहाबादी फरशीवर पडली आणि गेली. नातेवाइकांकडून जुनी कडक प्लॅस्टिकची बाटली आली तर कृपया वापरू नका. २०१५च्या भारतीय मानकापासून बीपीए हे रसायन असलेलं प्लॅस्टिक बाळाच्या बाटलीला चालत नाही, जुन्या बाटल्या त्याआधीच्या असू शकतात. नव्या प्लॅस्टिकच्या बाटलीवर आयएस १४६२५ हा मानकाचा क्रमांक आणि आयएसआयची खूण बघून घ्या.

कंपन्यांची नावं मी मुद्दाम लिहीत नाही. आपल्याकडे १९९२च्या कायद्याने दूध पाजायच्या बाटल्यांची जाहिरात करायला बंदी आहे आणि ती योग्यच आहे असं मला वाटतं. उतार, धार आणि धुवायची सोय एवढं बघितलं तर नावाची गरज पडत नाही.

आता पाजायची पद्धत. बाटली निवडण्याइतकीच ही महत्त्वाची आहे आणि घरातल्या मोठ्यांना पटवायला सगळ्यात अवघड. आपल्याकडे बाळाला आडवं घेऊन बाटली उभी धरायची सवय. तसं केलं की दूध नुसतं ओतलं जातं आणि बाळ घशात येईल तेवढं गिळत राहतं. बाळाला जवळजवळ बसतं धरायचं, बाटली आडवी, निप्पल अर्धंच भरेल इतपत. पाच-सहा घोट झाले की बाटली किंचित खाली करायची, दम घेऊ द्यायचा. निम्मं दूध झालं की बाळ दुसऱ्या हातावर घ्यायचं, अंगावर आपण बाजू बदलतो तसं. एका वेळेला पंधरा-वीस मिनिटं लागली पाहिजेत. आणि उरलं तर उरू द्यायचं. आत्यांना दूध टाकून द्यायचं म्हटलं की जिवावर यायचं, म्हणून मी एका बाटलीत ८०-९० मिलिच भरायला लागले. हवं तर पुढचं काढून द्या म्हटलं.

किती लागतं हा प्रश्न मला सगळ्या जणी विचारतात. एक ते सहा महिन्यांत अंगावर पिणारं बाळ दिवसभरात साधारण ७५० ते ८०० मिलि दूध घेतं आणि ते महिन्यागणिक फारसं वाढत नाही. म्हणजे आठ तासांना अडीचशेच्या आसपास. २५० मिलिची बाटली म्हणूनच मला कधी लागलीच नाही. आमची मुलगी तर दिवसा दोनशेच घ्यायची आणि रात्री मी आल्यावर भरून काढायची. पहिला महिनाभर रात्री तीन-तीनदा उठत होती. दमायला झालं, पण दूध टिकलं ते त्यामुळेच.

रुजू झाल्यावर पहिला आठवडा मात्र बाटलीने नाही, बोंडल्याने तारला. दहाव्या दिवशी ४० घेतलेल्या मुलीने मी कामावर गेल्याच्या पहिल्याच दिवशी पुन्हा तोंड मिटलं. माझा जीव टांगणीला. आमच्या डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की घाबरू नका, वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजा. आत्यांनी माझ्या नवऱ्याचं लहानपणीचं बोंडलं कपाटातून काढलं, उकळलं. बाळाला बसतं धरून बोंडल्याची चोच खालच्या ओठावर टेकवायची, दूध ओठाला लागलं की बाळ स्वतः जिभेने ओढून घेतं. ओतायचं नाही. तोंडाचं बोळकं उघडून ती चोचीकडे झेपावायची. निम्मं लाळेऱ्यावर सांडायचं, एका वेळेला अर्धा तास जायचा, पण उपाशी राहिली नाही. त्या आठवड्यात बाटलीवरून भांडण थांबलं आणि पुढच्या सोमवारी तिने बाटली आपणहून धरली. घरात बोंडलं असेल तर ते माळ्यावर टाकून देऊ नका.

दूध साठवण्याबद्दल एवढंच. काढलेलं दूध २५ अंशांपर्यंत चार तास बाहेर टिकतं असं सांगतात, पण सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये ४० अंशांच्या आसपास पारा जातो तेव्हा मी ते गणित धरलंच नाही. लॅबच्या फ्रिजमध्ये सॅम्पल असतात, तिथे दूध ठेवायचा प्रश्नच नव्हता. बर्फाच्या पिशव्या भरलेली छोटी थंड बॅग घेऊन जायचे, काढलं की लगेच त्यात. घरी फ्रिजच्या दारात न ठेवता आतल्या बाजूला, चार दिवसांच्या आत संपवायचं. जूनमध्ये डीप फ्रीझरमधलं दूध तिने अचानक नाकारलं. चाखून बघितलं तर साबणासारखी चव. काही जणींच्या दुधातलं एक एन्झाइम साठवणीत चरबी फोडतं, दूध खराब नसतं. गोठवण्याआधी कडेला बारीक बुडबुडे येईपर्यंत गरम करून लगेच थंड करायला लागले आणि प्रश्न मिटला.

एक खास सांगलीचा त्रास. आत्यांचा हात कायम हळदीत. एकदा हळद कुटून, हात धुऊन निप्पल लावलं आणि ते पिवळंजर्द झालं. उकळून गेलं नाही, साबणाने गेलं नाही. गॅलरीत उन्हात अर्धा दिवस ठेवलं तर जवळजवळ पांढरं झालं. तसं निप्पल दोन-अडीच महिन्यांत बदलावंच, चिकट किंवा फुगीर लागलं तर त्याआधीच.

सहा महिन्यांनंतर पेज आणि वरण-भात सुरू झाला तशी बाटली एक-एक करून कमी केली. नवव्या महिन्यात ती छोट्या स्टीलच्या फुलपात्राने प्यायला लागली, दोन्ही हातांनी धरून, अर्धं गळ्यात. अंगावर अजून पिते, सकाळी मी निघायच्या आधी आणि संध्याकाळी आल्या आल्या, चप्पल काढायचीही फुरसत न देता. दिवसाची शेवटची बाटली दिवाळीनंतर बंद झाली.

आमच्या लॅबमधली कुपवाडची एक मैत्रीण जानेवारीत रुजू होणार आहे, तिचं बाळ आता सात आठवड्यांचं आहे. तिला मी साधी १२५ची बाटली आणि नवजात निप्पलांची दोन पाकिटं घ्यायला सांगितलंय. या रविवारी आत्या तिच्या सासूबाईंना बाटली आडवी कशी धरायची ते दाखवायला जाणार आहेत.