४३ इंची टीव्ही खेड्यातल्या घरात: दिवाळीपासून पोळ्यापर्यंतचा अनुभव

गेल्या दिवाळीत सोयाबीन विकल्यावर आम्ही यवतमाळच्या बाजारातून ४३ इंची स्मार्ट टीव्ही घेतला. त्याआधी घरात ३२ इंची संच होता आणि नवाही तेवढाच घ्यावा, असा घरातल्यांचा कल होता. मात्र २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. ३२ इंचांपर्यंतच्या संचांवर तो आधीपासूनच १८ टक्के असल्यामुळे दोन्ही आकारांच्या किमतींतले अंतर कमी झाले आणि मोठ्या संचाचा विचार करणे शक्य झाले. कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही. या किमतीच्या बहुतेक संचांत फरक नावाचा नसून पॅनेलचा, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या पडद्याचा असतो आणि मला सांगायचे आहे तेही त्याविषयीच आहे.

दुकानात विक्रेता आपल्याला टीव्हीच्या अगदी समोर उभे करतो आणि भडक रंगांची चित्रफीत दाखवतो. आमच्या घरात मात्र समोर बसणारा एखादाच असतो. आई बंगईवर बसते, ती भिंतीच्या कडेला टांगलेली आहे. मुले सतरंजीवर खाली बसतात आणि शेतातून आलेला माणूस दाराजवळच टेकतो. माझ्या चुलतभावाकडे याच आकाराचा संच आहे. त्यावर कीर्तन लावले असता आई बाजूला बसून म्हणाली होती, ‘मले त् सारं धुरकटच दिसते बापा.’ तिच्या डोळ्यांत दोष नव्हता. त्या संचात व्हीए प्रकारचे पॅनेल आहे. त्यात समोरून काळा रंग गडद आणि सुंदर दिसतो, पण बाजूला सरकले की चित्र फिके पडत जाते. आयपीएस पॅनेलचे नेमके उलटे असते. त्याचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे सर्वात उजळ आणि सर्वात गडद भागांतला फरक, साधारण १०००:१ एवढाच असतो, तर व्हीएचा ३०००:१ किंवा त्याहून अधिक असतो, पण आयपीएसवर कडेला बसलेल्यालाही रंग जवळजवळ तसेच दिसतात.

म्हणून मी दुकानात चेहऱ्याचे स्थिर चित्र लावायला सांगितले आणि संचाच्या कडेला जाऊन, नंतर खाली वाकून ते पाहिले. ज्या संचावर चेहऱ्याचा रंग पांढुरका झाला नाही, तो निवडला. रात्री सर्व दिवे मालवले की आमच्या पडद्यावरचा काळा रंग थोडा राखाडी वाटतो, ही त्याची किंमत आहे आणि ती मला मान्य आहे. अंधार करून चित्रपट पाहणारे आमच्या घरी कोणी नाही, बाजूला बसून पाहणारे मात्र रोज असतात.

भिंतीवर बसवण्याच्या उंचीबद्दल मात्र बसवायला आलेल्या तंत्रज्ञाशी बराच वाद घालावा लागला. गावात टीव्ही दाराच्या चौकटीच्या उंचीला लावण्याची पद्धत पडली आहे, कारण तेथे मुलांचा हात पोहोचत नाही. जमिनीवर बसलेल्या माणसाचे डोळे अडीच-तीन फुटांवर असतात. त्याने तासभर मान वर करून पाहायचे, हे मला पटत नव्हते. आम्ही पडद्याचा मध्य साडेतीन फुटांवर ठेवला आणि किंचित खाली झुकणारा ब्रॅकेट घेतला. बंगईवरून आणि सतरंजीवरून, दोन्हीकडून पाहणे सोयीचे झाले. भिंत मातीची असेल तर नुसते खिळे धरत नाहीत, त्यासाठी आधी लाकडी फळी पक्की ठोकून घ्यावी लागते.

फोर-के (अधिक बारीक ठिपक्यांचा पडदा) घ्यावा की फुल एचडी, या प्रश्नावर दुकानात सर्वाधिक वेळ जातो आणि खेड्यातल्या घरासाठी तोच सर्वात कमी महत्त्वाचा आहे, असे माझे मत झाले आहे. ४३ इंची पडदा सुमारे ९५ सेंटीमीटर रुंद असतो. फुल एचडीमध्ये त्या रुंदीत १९२० ठिपके असतात, म्हणजे एक ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. निरोगी डोळ्यालाही पावणेदोन मीटरच्या, म्हणजे सुमारे पावणेसहा फुटांच्या पलीकडून असे ठिपके वेगळे दिसत नाहीत. आमच्या घरात सर्वात जवळचा माणूस आठ फुटांवर असतो. शिवाय घरात मुख्यतः डीडी फ्री डिशच लागते आणि तिच्यावरच्या बहुतेक वाहिन्या साध्या एसडी, म्हणजे एचडीपेक्षा कमी स्पष्ट दर्जाच्या आहेत. त्या जवळून ओबडधोबड वाटतात, पण दहा फुटांवरून सह्याद्रीच्या बातम्या पाहताना काही खटकत नाही. मोबाइलचा हॉटस्पॉट जोडून पाहायचे तर एचडी चित्राला तासाला ३ जीबीपर्यंत डेटा लागू शकतो. रोजचा दोन जीबीचा रिचार्ज असलेल्या घरात फोर-के केवळ खोक्यावर छापलेले राहते.

आता विजेविषयी, कारण आमच्याकडे टीव्ही जुना होऊन बंद पडण्यापेक्षा जळून बंद पडण्याची शक्यता अधिक असते. रब्बीत हरभऱ्याला पाणी देण्यासाठी मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज एकदम उतरते आणि लोक स्टॅबिलायझर त्यासाठीच घेतात. वास्तविक आजच्या बहुतेक संचांच्या मागे १०० ते २४० व्होल्ट असे लिहिलेले असते आणि उतरलेले व्होल्टेज ते स्वतःच सांभाळून घेतात. आमच्याकडे पंखा रेंगाळत असतानाही टीव्हीचे चित्र हलत नाही. खरा धोका चढलेल्या व्होल्टेजचा आहे. डीपीवरची, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवरची न्यूट्रल तार सुटली की तीन फेजांचा तोल जातो आणि एखाद्या घरात २३० च्या जागी ४०० च्या जवळपास व्होल्ट जाऊ शकतात. म्हणून स्टॅबिलायझर घेताना तो किती खालपर्यंत चालतो, हे विचारण्याऐवजी जास्त व्होल्टेज आल्यावर तो पुरवठा पूर्ण तोडतो का आणि लाइन आल्यावर थोडे थांबून मग सुरू करतो का, हे विचारावे. आमचा दोन्ही करतो. उन्हाळ्यात एका संध्याकाळी शेजारच्या दोन घरांतले पंखे आणि बल्ब जळाले, तेव्हा आमच्या स्टॅबिलायझरने पुरवठा तोडून टाकला आणि संच वाचला.

विजांचे तंत्र वेगळे आहे. मृगाच्या आधी वादळ उठते, तेव्हा आम्ही टीव्हीची पिन काढतो आणि छत्रीची वायरही सेट-टॉप बॉक्सपासून सोडवतो. अनेक जण फक्त पिन काढतात. छतावरच्या छत्रीतून आलेला झटका बॉक्समधून एचडीएमआय केबलने थेट टीव्हीत शिरू शकतो, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. जोराच्या पावसात चित्र अडकते, तो मात्र संचाचा दोष नव्हे. उपग्रहाचा संदेशच त्या वेळी क्षीण झालेला असतो.

विदर्भातला उन्हाळा या संचाने चांगला सोसला. पारा ४५ च्या वर गेला तेव्हा पाठ हाताला चांगलीच गरम लागे, परंतु बिघाड झाला नाही. कूलर मात्र आम्ही समोरच्या खिडकीतून काढून बाजूच्या खिडकीत लावला. खसच्या ताट्यांतून येणारे बारीक तुषार पडद्यावर बसून वाळले की क्षाराचे पांढरे ठिपके राहतात आणि मागच्या जाळीतून तो ओलावा आतही जातो. कापसाच्या दिवसांत घरात धूळ आणि तंतू फार उडतात, त्यामुळे जाळी मऊ ब्रशने झाडावी लागते. पडद्याला मी कोरड्या सुती कापडाशिवाय काहीही लावत नाही.

आवाज ही या संचाची सर्वात दुबळी बाजू आहे. स्पीकर खालच्या बाजूला आहेत आणि त्यांचा आवाज पातळ आहे. आषाढात टिनांवर पाऊस वाजू लागला की बातमी ऐकूच येत नाही. एचडीएमआय एआरसीच्या, म्हणजे टीव्हीचा आवाज बाहेर देणाऱ्या खाचेत लहानसा साउंडबार (लांबट स्पीकर) जोडल्यावर संवाद स्पष्ट झाले. टीव्हीच्या खर्चात ही रक्कम सुरुवातीलाच धरावी, असे मी सांगेन.

पावसाळ्यातच आणखी एक गोष्ट ध्यानात आली. संध्याकाळी उजळ पडद्यावर पाखरे, म्हणजे उडते किडे येऊन बसतात. पडद्याचा उजेड कमी केला आणि ओसरीतला दिवा लावून ठेवला की ती तिकडे जातात. बसलेले पाखरू कापडाने चिरडू नये, नाहीतर डाग पसरतो.

सध्या तक्रार एकच आहे. सुरुवातीला झटपट उघडणारी ॲप्स एका अपडेटनंतर संथ झाली. सेवा केंद्राला फोन केला, तर ‘रीसेट करा’ एवढेच उत्तर मिळाले आणि तंत्रज्ञ तालुक्याच्या पुढे येत नाही, असेही सांगण्यात आले. संचात रॅम, म्हणजे ॲप्स चालताना लागणारी मेमरी, एकच जीबी आहे. न लागणारी ॲप्स काढून टाकल्यावर आणि रात्री रिमोटऐवजी मुख्य बटणाने बंद करू लागल्यावर काम बरेच सुधारले आहे. पुढे ते पुन्हा संथ झाले तर एचडीएमआयला वेगळी स्ट्रीमिंग स्टिक (ॲप्स स्वतः चालवणारे छोटे उपकरण) जोडणार आहे. पॅनेल उत्तम असताना केवळ ॲप्ससाठी संच बदलण्याचे कारण मला दिसत नाही.