बँकॉक पायी बघायचं तर मुक्काम कुठे: सुखुमवितला की जुन्या शहरात?

इंदूरहून बँकॉकला निघालेला माणूस आधी हॉटेलचं भाडं विचारतो. पण शहर पायी बघायचं असेल तर भाड्याआधी भाग ठरवावा लागतो. दोन्हीकडे राहून झालंय, म्हणून लिहितो. मॉल आणि मसाज एवढंच डोक्यात असेल तर सरळ सुखुमवितला, म्हणजे त्याच नावाच्या मोठ्या रस्त्यालगतच्या नव्या भागात, उतरा, पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल.

सुखुमवितची बाजू कच्ची नाही. विमानतळाची रेल्वे मक्कासानला सोडते; तिथून शेजारच्या मेट्रो स्टेशनात जायचं आणि पुढच्याच स्टेशनवर उतरायचं. बॅगा ओढत भटकायला लागत नाही. 1999 पासूनची स्कायट्रेन थेट रस्त्याच्या डोक्यावरून धावते, म्हणजे थोडी सावलीही मिळते आणि रस्ता ओलांडायला तिच्या स्टेशनांचे पूलही. नाना स्टेशनच्या आसपास भारतीय हॉटेलं आहेत, वरण-भातावाचून ज्यांचं अडतं त्यांची सोय होते. गुडघे दुखणारं कोणी बरोबर असेल तर मीही इथलंच नाव सुचवीन.

जुनं शहर, म्हणजे 1782 साली राजधानी झालेलं रत्तनकोसिन आणि त्याला लागून फाहुरात आणि यावराट हे चायनाटाउन. इथे ऊन थेट टाळूवर. फुटपाथ अरुंद, आणि पावसानंतर सैल फरशीवर पाय पडला की खालचं गढूळ पाणी पोटरीपर्यंत उडतं. राजवाड्याबाहेर ‘आज बंद आहे’ असं गोड बोलून टुकटुकमध्ये, म्हणजे रिक्षात, बसवू पाहणारे भेटतात. ऐकू नका, चालत राहा. रात्री खाओसान रस्त्याचा गोंगाट सोडला तर बराच भाग लवकर झोपतो. इंदूरच्या सराफ्यात मध्यरात्री भुट्ट्याचा कीस खाणाऱ्यांना हे जरा जड जाईल.

एवढं सगळं असून मला सुखुमवित नकोसं झालं ते तिथल्या सोईंमुळे. सोई म्हणजे मोठ्या रस्त्याला फुटणारी गल्ली. आपल्याला सवय इंदूरच्या राजवाड्यामागच्या गल्ल्यांची: बर्तन बाजारात शिरलं की मारोठिया, मारोठियातून शीतलामाता, रस्ता चुकला तरी माणूस कुठल्यातरी बाजारातच निघतो. सुखुमवितच्या कितीतरी सोई आत जातात आणि संपतात. भर दुपारी वीस मिनिटं चालायचं, झाडं, बंगले, कॉन्डो, कुत्री बघत, आणि शेवटी भिंत. पलीकडच्या सोईतल्या गाड्यांचा आवाज येतोय, वाट मात्र नाही. फाटकावरचा वॉचमन हसून, न बोलता, आलात त्या दिशेला हात करतो. पूर्वी इथे शेतं आणि कालवे होते. ज्याने त्याने आपल्या पट्ट्यातून गल्ली काढली, एकमेकींना जोडायचं कोणाच्या मनात आलं नाही. सोईच्या तोंडाशी नारिंगी जाकिटातले मोटरसायकलवाले उभे असतात ते काय उगीच नाही! नंबरही धड नाहीत. विषम एका बाजूला, सम दुसऱ्या. 55 नंबरची थोंगलोर सोई, तर तिच्या साधारण समोर 38 नंबर. ज्याला ठरलेल्या ठिकाणीच जायचंय त्याला याचा जाच होत नसेल, मान्य. मला झाला.

जुन्या शहरात गल्लीला गल्ली मिळते. बामरुंग मुआंग रस्त्याने एकदा चालाच. दोन्हीकडे देवळांच्या सामानाची दुकानं, आणि फुटपाथवरच ओळीने बसलेले सोनेरी बुद्ध, माणसाहून मोठेसुद्धा, कोणी पारदर्शक प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले, कोणी भगव्या कापडात. त्यांच्या मांड्यांना वळसा घालून आपण पुढे सरकायचं. त्याच रस्त्यावर वाट सुथात नावाच्या देवळासमोर तांबड्या खांबांचा उंच झोपाळा लागतो, जवळच राजदरबारच्या ब्राह्मणांचं देऊळ. तिथून दक्षिणेकडे वळलं की फाहुरात: कापडाची दुकानं, गुरुद्वारा, हिंदी कानावर. पलीकडे साम्पेंगची चिंचोळी गल्ली, जिथे हातगाडीला वाट द्यायला भिंतीला चिकटावं लागतं, आणि तिच्या आडव्या फाट्यांतून निघालं की यावराट. नदीकडे गेलात तर पाक ख्लोंगचा फूलबाजार. झेंडूचे ढीग तर आहेतच, पण मोगऱ्याच्या बारीक विणीच्या माळा ओवणाऱ्या बायकांच्या बोटांकडे बघत मी बराच वेळ उभा होतो.

पूर्वी जुन्या भागाची मोठी अडचण म्हणजे तिथे ट्रेन नव्हती. 2019 मध्ये निळी मेट्रो साम योत आणि सनाम चायपर्यंत आली आणि तीही मिटली. तेव्हा, माझं ऐकायचंच असेल तर हॉटेल साम योत स्टेशनच्या आसपास बघा. सकाळी लवकर निघा, दुपारी अकरा ते तीन खोलीवर आडवे व्हा, उन्हं उतरल्यावर पुन्हा बाहेर पडा. बरोबरच्यांना मॉल हवाच असेल तर त्याच निळ्या लाइनने, गाडी न बदलता, सुखुमवितला पाठवून द्या.