एसप्राइट: बिघडलेले रंग ताळ्यावर आणायला कितपत कामाचं?

नवख्यांच्या गेममध्ये आकार सहसा फारसे चुकलेले नसतात. झाड झाडासारखं दिसतं, दगडही ओळखू येतो. खटकतो तो रंग. गवत डोळ्यांत खुपतं, सावल्या मळकट दिसतात आणि पात्र मागच्या भिंतीत हरवून जातं. एसप्राइट हे पिक्सेल आर्टचं (म्हणजे एकेक चौकोनी ठिपका भरून काढायच्या चित्रांचं) सॉफ्टवेअर इथे या एकाच कसोटीवर पाहिलं आहे. अ‍ॅनिमेशन आणि टाइलमॅपसाठी (छोटे चौकोनी तुकडे जोडून केलेल्या नकाशांसाठी) ते उत्तम आहेच, त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत.

थोडक्यात मत असं: रंग दुरुस्त करण्याची एसप्राइटमधली साधनं फार चांगली आहेत, पण त्यातली निम्मी नवख्याला सापडतच नाहीत, कारण सॉफ्टवेअर उघडल्यावर जी मांडणी समोर येते ती त्याला दुसरीकडेच नेते.

नवी फाइल साधारणपणे आरजीबी मोडमध्ये उघडते. म्हणजे लाखो रंग हाताशी, आणि इथेच घोळ सुरू होतो. स्लायडर जरा सरकला की नवी छटा तयार होते आणि ३२×३२ पिक्सेलच्या एका स्प्राइटमध्ये (गेममधल्या पात्राच्या किंवा वस्तूच्या चित्रात) चाळीस-पन्नास रंग कधी जमा झाले ते कळतही नाही. त्यातले निम्मे एकमेकांसारखेच असतात. म्हणून फाइल उघडतानाच कलर मोड ‘इंडेक्स्ड’ निवडा. यात पॅलेट, म्हणजे वापरायच्या रंगांची यादी, जास्तीत जास्त २५६ रंगांचं असतं, पण सुरुवातीला १६ भरपूर झाले. पॅलेटच्या वरच्या बटणांत प्रीसेट्स, म्हणजे तयार पॅलेट्स आहेत. त्यातलं डीबी१६ किंवा आर्न१६ हे १६ रंगांचं पॅलेट घ्या. मूळचं ३२ रंगांचं पॅलेटही वाईट नाही, पण नवख्या हाताला ते जरा सैलच पडतं.

इंडेक्स्ड मोडचा खरा फायदा नंतर कळतो. इथे प्रत्येक पिक्सेल रंग साठवत नाही, पॅलेटमधल्या घराचा क्रमांक साठवतो. त्यामुळे पॅलेटमधली हिरवी छटा बदलली की ती जिथे जिथे वापरली आहे तिथे सगळीकडे एकदम बदलते. संपूर्ण टाइलसेट (अशा चौकोनी तुकड्यांचा संच) दिवसातून रात्रीत न्यायचा असेल तर एकही पिक्सेल पुन्हा रंगवावा लागत नाही. रंगांचे प्रयोग एवढे स्वस्त झाले की माणूस आपोआप जास्त प्रयोग करतो.

मात्र दोन खड्डे आहेत. पहिला कुलपाच्या चिन्हाचा. पॅलेटजवळचं ते कुलूप बंद असेल तर स्लायडर हलवून पॅलेट बदलत नाही, नुसता नवा रंग निवडला जातो. ‘काहीच होत नाही’ अशी तक्रार असते ती यामुळेच. एफ४ दाबा, कुलूप उघडतं. आणि काम झालं की लगेच बंद करा, नाहीतर साधा रंग निवडताना अख्ख्या चित्राची छटा फिरवून बसाल. दुसरा खड्डा शून्य क्रमांकाच्या घराचा. इंडेक्स्ड फाइलमध्ये ते घर पारदर्शक धरलं जातं. डीबी१६मध्ये तिथे नेमका सर्वांत गडद रंग बसलेला असतो, म्हणून त्या रंगाने काढलेली आउटलाइन उमटतच नाही. उपाय सोपा: तोच रंग पॅलेटच्या शेवटी आणखी एकदा घाला आणि तो वापरा.

आता चित्र आधीच आरजीबीमध्ये काढून झालं असेल तर? पॅलेटच्या मेनूमधून चालू स्प्राइटवरून नवं पॅलेट तयार करा, रंगांची मर्यादा १६ द्या, मग स्प्राइट मेनूतल्या कलर मोडमधून इंडेक्स्ड करा. डिदरिंग (दोन रंगांचे ठिपके मिसळून मधल्या छटेचा भास करणं) बंदच ठेवा, नाहीतर सपाट जागी ठिपक्यांची रांगोळी उमटेल. तरीही हे यंत्राने केलेलं पॅलेट जसंच्या तसं वापरू नये. ते वारंवारतेकडे पाहतं, महत्त्वाकडे नाही. पात्राच्या डोळ्यातला एकच उजळ पिक्सेल ते खुशाल गिळून टाकतं.

यापुढची गोष्ट सॉफ्टवेअर सांगत नाही, तुम्हाला माहीत असावी लागते. रंग तीन आकड्यांत मांडता येतो: ह्यू म्हणजे रंगाची जात, सॅच्युरेशन म्हणजे भडकपणा, व्हॅल्यू म्हणजे उजळपणाचा आकडा. नवख्याचं गवत साधारण असं असतं: ह्यू १२०, सॅच्युरेशन ८०, आणि फक्त व्हॅल्यू बदललेली, ३०, ५०, ७०, ९०. चारही छटा एकाच हिरव्याच्या. दिसायला प्लॅस्टिक. त्याऐवजी ही चार घरं करून पाहा: सर्वांत गडद छटेला ह्यू १७५, सॅच्युरेशन ४५, व्हॅल्यू २८, तिच्यावर १४५, ६०, ४५, मग १०५, ५५, ६५, आणि सर्वांत उजळ ७०, ४०, ८५. सावली निळसर झाली, उजेड पिवळसर झाला, आणि सॅच्युरेशन मधल्या छटांत जास्त, दोन्ही टोकांना कमी. उन्हात हे असंच घडतं: थेट प्रकाश पिवळसर असतो आणि सावलीत आकाशाचा निळा प्रकाश पोचतो. गुहेत मशाल पेटवली असेल तर उजेडाची बाजू नारिंगीकडे न्या. नियम आकड्यांचा नाही, प्रकाशाचा आहे.

पॅलेटच्या मेनूत दोन रंगांमधल्या छटा भरणारा ग्रेडियंटचा पर्याय आहे. सोयीचा वाटतो खरा, पण तो दोन टोकांना सरळ जोडतो, त्यामुळे लाल-हिरव्यासारख्या विरुद्ध रंगांमध्ये मधली छटा राखाडी-तपकिरी येते. सावल्या मळकट दिसण्याचं एक कारण हेच. भरा, पण मधल्या घरांचं सॅच्युरेशन हाताने वर न्या.

छटांची ओळ तयार झाली की शेडिंग इंक वापरा. एसप्राइटमधलं हे सर्वांत कमी वापरलं जाणारं आणि सर्वांत गुणी साधन. पॅलेटमध्ये ती चार घरं ओढून निवडा, पेन्सिल घ्या, वरच्या पट्टीत इंक ‘शेडिंग’ करा. आता पेन्सिल ठरावीक रंग लावत नाही. डाव्या बटणाने पिक्सेल ओळीत एक पायरी एका बाजूला जातो, उजव्याने दुसऱ्या बाजूला. ओळीत नसलेल्या रंगाला ती हातच लावत नाही. म्हणजे गवतावर सावली टाकताना शेजारचा दगड चुकून हिरवा होत नाही. फक्त एक जपा: आकाराच्या कडेकडेने आतवर सारख्या जाडीच्या पट्ट्या काढत गेलात तर कुठलीही वस्तू उशीसारखी फुगलेली दिसते. प्रकाश कुठल्या दिशेने येतो ते आधी ठरवा, मग त्या बाजूचा उजेड पसरू द्या आणि उलट बाजूला गडद छटा ठेवा.

सॉफ्टवेअर कमी पडतं ते उजळपणा तपासण्यात. एचएसव्ही (ह्यू, सॅच्युरेशन, व्हॅल्यू) स्लायडरमधली व्हॅल्यू आणि डोळ्याला जाणवणारा उजळपणा या वेगळ्या गोष्टी आहेत. शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा, दोघांचीही व्हॅल्यू १००. पण करड्या छटांत पाहिलं तर पिवळा जवळजवळ पांढरा आणि निळा जवळजवळ काळा. पात्र आणि पार्श्वभूमी यांचे रंग वेगळे असूनही पात्र उठून दिसत नाही, याचं कारण बहुधा इथेच असतं. यासाठी एका बटणावर चालू-बंद होणारं करडं दृश्य असायला हवं होतं, ते नाही. जुगाड असा: आरजीबी मोडमध्ये सगळ्यात वर एक लेयर (चित्राचा वेगळा थर) घ्या, तो पूर्ण काळ्याने भरा आणि लेयरच्या गुणधर्मांत ब्लेंड मोड (तो थर खालच्या चित्रात कसा मिसळतो ते) ‘कलर’ करा. चित्र करडं होतं. लेयरचा डोळा चालू-बंद करून ताळा करता येतो. इंडेक्स्ड फाइल असेल तर कलर मोड ग्रेस्केल करून पाहा आणि कंट्रोल-झेडने मागे या.

करड्या चित्रात पात्र चटकन ओळखू आलं नाही तर पात्राला हात लावू नका, पार्श्वभूमी आवरा. तिचं सॅच्युरेशन निम्म्यावर आणा, आणि तिच्यातल्या सर्वांत उजळ आणि सर्वांत गडद छटा एकमेकींच्या जवळ आणा. भडक रंग आणि तीव्र फरक खेळाडूने ज्याला हात लावायचा त्याच वस्तूंसाठी राखून ठेवा: नाणी, शत्रू, दारं. आणखी एक उणीव म्हणजे रंगांध माणसाला चित्र कसं दिसेल हे दाखवायची सोय यात नाही. पुरुषांमध्ये साधारण बारात एकाला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही, तेव्हा विष आणि औषधाच्या बाटल्या फक्त रंगाने वेगळ्या करू नका, आकारही बदला.

प्रीव्ह्यू खिडकी मात्र फार कामाची. एफ७ दाबा आणि ती १०० टक्क्यांवर ठेवा. नवखे ८०० टक्के झूम करून तासन्‌तास दोन शेजारी पिक्सेलांमधल्या बारीक छटेवर घालवतात. खऱ्या आकारात ती छटा दिसतच नाही. दिसत नसेल तर काढून टाका, पॅलेटमधलं एक घर मोकळं झालं.

निर्यात करताना पीएनजीच घ्या. जेपीजीत कडांभोवती घाण जमते आणि पारदर्शकता जाते. मोठं करायचं असेल तर २००, ३००, ४०० टक्के असं पूर्ण पटीतच. एवढं करूनही गेम इंजिनमध्ये, म्हणजे गेम बांधायच्या युनिटी किंवा गोडोसारख्या सॉफ्टवेअरमध्ये, चित्र धूसर दिसलं तर दोष एसप्राइटचा नाही: युनिटीत फिल्टर मोड ‘पॉइंट’ आणि कॉम्प्रेशन ‘नन’ करा, गोडो ४मध्ये प्रोजेक्ट सेटिंग्जमधला डीफॉल्ट टेक्स्चर फिल्टर ‘नीअरेस्ट’ करा.

एसप्राइट विकत घ्यावं लागतं. चाचणी आवृत्तीत फाइल सेव्ह होत नाही, पण शेडिंग इंक आणि इंडेक्स्ड मोड हाताला बसतात का हे पाहायला ती पुरते. सोर्स कोड खुला ठेवलेला आहे, तेव्हा कंपायलरशी (कोडवरून चालणारं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या प्रोग्रामशी) झटापट करायची तयारी असेल तर स्वतःपुरतं बांधून वापरता येतं. ते वाटता मात्र येत नाही. २०१६ साली परवाना बदलला तेव्हा जुन्या मुक्त कोडवरून लिब्रेस्प्राइट निघालं. ते फुकट आहे, इंडेक्स्ड मोड आणि पॅलेट त्यातही आहेत, टाइलमॅप नाहीत. फक्त रंगांचा हात बसवायचा असेल तर आधी तेच घ्या.